नौदलाचा पैसा मालवणच्या किनाऱ्यावर कसा पोहोचतो? लहान उद्योजकासाठी समुद्राचं अर्थकारण



दरवर्षी बजेट आलं की संरक्षण खर्चाचा आकडा टीव्हीवर झळकतो. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षण मंत्रालयासाठी साधारण ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले साधारण १.८० लाख कोटी नवीन जहाजं, विमानं, शस्त्रं, यंत्रणा अशा भांडवली खर्चासाठी. आकडा ऐकून आपण मान डोलावतो आणि चॅनेल बदलतो. पण मालवणच्या जेटीवर उभा असलेला माणूस एक साधा प्रश्न विचारतो: "ह्यातसून आमका काय गावतला?"

हाच प्रश्न धंदेवाल्याचा आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. या आठवड्याच्या व्हिडिओत आपण यावर बोललोच. इथे ते जरा सविस्तर, आकड्यांसह आणि कामाच्या यादीसह देतोय.

एका ओळीत उत्तर असं: नौदलाचा पैसा किनाऱ्यावर तीन वाटांनी येतो. सुरक्षित समुद्रातून, खरेदीतून आणि पर्यटनातून. पण तो आपोआप तुमच्या दारात येत नाही. त्या वाटेवर तुम्हाला तयारीनिशी उभं राहावं लागतं.

आधी थोडं मागे जाऊ: १६६४

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. पुढे तीन वर्षं ते चाललं. सुमारे ४८ एकरांचा किल्ला आणि जवळपास तीन किलोमीटरचा तट. धंद्याच्या नजरेने बघा. तीन वर्षं चुना, शिसं, दगड, लाकूड, धान्य, होड्या, पाथरवट, लोहार, मजूर या सगळ्याची मागणी या एका किनाऱ्यावर उभी राहिली. आरमारात खलाशी म्हणून कोळी, भंडारी, गाबीत हे इथलेच दर्यावर्दी समाज होते. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत मराठा आरमाराची जहाजं दुरुस्त करायची गोदी होती. म्हणजे जहाजाच्या दुरुस्तीचं कामसुद्धा इथेच होत होतं.

आता दोन गोष्टी सांगतो, त्या नीट लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट मिठाची. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला एक पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळण्याची भीती होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, म्हणजे संगमेश्वरच्या मिठाशी त्याची किंमत जुळेल आणि आपल्या बंदरांचा व्यापार बुडणार नाही. समुद्र राखायचा तो कशासाठी, याचं उत्तर या पत्रात आहे. किनाऱ्यावरच्या माणसाचा धंदा टिकावा म्हणून.

दुसरी गोष्ट झाडांची. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजबांधणीला लाकूड लागतं. पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं तिथे बजावलंय. झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. आजच्या भाषेत हे खरेदी धोरणच झालं. संरक्षणाची गरज कितीही मोठी असली तरी लहान माणसाचा माल फुकट घ्यायचा नाही, त्याचा मोबदला द्यायचा.

स्थानिकाला काम आणि स्थानिकाला वेळेवर पैसे. संरक्षणाचा खर्च विकासात बदलतो तो याच दोन अटींवर. पुढचं सगळं याच कसोटीवर तपासू.

वाट पहिली: सुरक्षित समुद्र

भारताचा परदेशी व्यापार वजनाने बघितला तर सुमारे ९५ टक्के समुद्रातून होतो. "पण माझा काय संबंध? मी तर कुडाळात काजू प्रक्रिया करतो." संबंध आहे! आपल्या भागातले कितीतरी काजू कारखाने आफ्रिकेतून आलेला कच्चा काजू वापरतात. आंब्याचा पल्प डबाबंद होऊन जहाजाने जातो. गोठवलेली कोळंबी, माकूल जहाजाने जाते.

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली आणि कंटेनरचं भाडं चढलं. त्याच काळात सोमालियाचे चाचेही पुन्हा डोकं वर काढत होते. मार्च २०२४ मध्ये 'एमव्ही रुएन' हे अपहृत जहाज आपल्या नौदलाने सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या कारवाईत पुढे असलेली 'आयएनएस कोलकाता' मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आहे.

नौदलाची गस्त हा देशाच्या व्यापाराचा एक प्रकारचा विमा आहे. विम्याचा हप्ता भरताना जीवावर येतं, पण अपघात झाला की त्याची किंमत कळते.

तुमच्यासाठी धडा छोटा आहे. आयात कच्च्या मालावर किंवा निर्यातीवर धंदा असेल तर कोटेशनमध्ये जहाजाचं भाडं वेगळं दाखवा आणि दर किती दिवस लागू राहील ते लिहा. "भाडं वाढल्यास फरक ग्राहकाकडे" ही एक ओळ तुमचा सगळा नफा वाचवू शकते.

वाट दुसरी: खरेदी

ही सगळ्यात मोठी वाट आहे आणि आपले लोक सगळ्यात कमी चालतात ती हीच.

'आयएनएस विक्रांत'चं उदाहरण घ्या. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत ती नौदलात दाखल झाली. खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये, आणि सुमारे ७६ टक्के भाग स्वदेशी. त्या कामात मोठ्या कंपन्यांबरोबर १०० हून अधिक सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग होते. प्रकल्पाचा ८० ते ८५ टक्के खर्च देशातच फिरला, असं सरकारने सांगितलं. शिपयार्डमध्ये थेट २,००० लोकांना आणि बाहेर सुमारे १३,००० लोकांना काम मिळालं.

आता म्हणाल, "तोफा-क्षेपणास्त्रं आपण थोडीच बनवणार?" नाहीच बनवणार. पण युद्धनौका म्हणजे पाण्यावरचं एक गावच असतं. त्यात दारं, शिड्या, पाइप क्लॅम्प, केबल ट्रे, गादी, पडदे, स्वयंपाकघराचं स्टीलचं सामान, रंग, दोरखंड, रबर गॅस्केट, युनिफॉर्म, साफसफाई, दुरुस्ती असं सगळं लागतं. या यादीतलं काहीतरी तुमच्या तालुक्यात कुणीतरी आजही बनवतोय.

आणि नकाशा बघा. आपल्या डोक्यात नौदल म्हणजे मुंबई. पण सिंधुदुर्गाच्या शेजारी वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. तिथे नौदलासाठी फ्रिगेट बांधल्या जातायत. 'त्रिपुट' ही त्यातली पहिली जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली. दाभोळीला नौदलाचा हवाई तळ आहे. पुढे कारवारला 'आयएनएस कदंब' हा मोठा नौदल तळ आहे. कुडाळ एमआयडीसीतल्या माणसाला मुंबईपेक्षा ही ठिकाणं कितीतरी जवळ पडतात. मालाच्या वाहतुकीत तुम्ही पुणेवाल्यापेक्षा पुढे आहात, हे विसरू नका.

नियम काय म्हणतात?

१. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांना वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी.

२. टेंडर फॉर्मची फी आणि अनामत रक्कम यातून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट आहे.

३. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत जास्त असेल, तर तो कमी दर मान्य करून तुम्हाला ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो.

४. हे फायदे माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत. नुसता आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाहीत.

यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती फुकट होते, ऑनलाइन होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मग 'जेम' पोर्टलवर विक्रेता म्हणून नोंदणी. आणि 'सृजन' पोर्टल उघडून बघा. आधी परदेशातून येणाऱ्या आणि आता देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंची यादी तिथे असते. १६७१ चं मिठाचं पत्र आठवलं का? विचार तोच आहे, फक्त वस्तू बदलल्यात.

थेट शिपयार्डची ऑर्डर पहिल्याच वर्षी मिळेल अशा भ्रमात राहू नका. शिपयार्डला माल पुरवणारी जी मधली कंपनी आहे, तिचा पुरवठादार व्हा. तिथे तपासणी, कागदपत्रं, मालाचं टेस्ट सर्टिफिकेट हे सगळं शिकायला मिळतं. दोन वर्षांनी तोच अनुभव तुमच्या टेंडरमध्ये कामाला येतो.

ऑर्डर मिळाली, आता गणित करा

समजा तुमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे आणि ५ लाखांची ऑर्डर मिळाली. कच्चा माल २ लाख ८० हजार, मजुरी ८० हजार, वाहतूक आणि तपासणी ३० हजार. एकूण खर्च ३ लाख ९० हजार. नफा १ लाख १० हजार. पेढे वाटायचे? थांबा.

माल बनवायला ३० दिवस, पैसे यायला ४५ दिवस. म्हणजे तुमचे ३ लाख ९० हजार ७५ दिवस अडकले. १२ टक्क्यांनी व्याज धरलं तर साधारण ९,६०० रुपये. हे परवडतं. पण पैसे ४५ ऐवजी १३५ दिवसांनी आले तर? रक्कम १६५ दिवस अडकली, व्याज साधारण २१,००० रुपये. तुम्ही म्हणाल, तरी नफा आहेच की!

खरा मार व्याजाचा नसतो, तो फेऱ्यांचा असतो. तुमच्याकडे खेळतं भांडवल ४ लाखच आहे. ७५ दिवसांच्या चक्रात वर्षाला चार ऑर्डर होतात, म्हणजे व्याज सोडून ४ लाख ४० हजार. १६५ दिवसांच्या चक्रात दोनच होतात, म्हणजे २ लाख २० हजार. कारागीर तेच, मशीन तेच, भाडं तेच. फक्त पैसे उशिरा आले आणि कमाई निम्मी झाली. चांगल्या ऑर्डरवरच कितीतरी युनिट बुडतात, ती अशी.

म्हणून तीन हत्यारं जवळ ठेवा. एक, २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दोन, तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टल. तीन, 'ट्रेड्स' प्लॅटफॉर्म, जिथे मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल वटवून पैसे आधीच घेता येतात. आणि 'उद्यम' नोंदणी माल देण्याच्या आधी झालेली असू दे. नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी भांडता येत नाही.

वाट तिसरी: गुलदार आणि पर्यटन

'आयएनएस गुलदार' हे रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. १९८५ मध्ये पोलंडहून नौदलात आलं, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. सुमारे ८४ मीटर लांब. एरवी असं जहाज भंगारात जातं. पण ते सिंधुदुर्गाला मिळालं. वेंगुर्ल्याजवळ निवती रॉकच्या परिसरात ते समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ उभं करायची ही योजना आहे. केंद्राने त्यासाठी सुमारे ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

हे कसं चालतं? जहाजातलं तेल, वायरी, घातक पदार्थ आधी काढून टाकतात. मग ते ठरवलेल्या जागी बुडवतात. लोखंडावर हळूहळू शिंपले, स्पंज, प्रवाळ धरतात, लहान मासे आसऱ्याला येतात, त्यांच्या मागे मोठे मासे. आणि माशांच्या मागे पर्यटक! अमेरिकेने 'ओरिस्कनी' ही अख्खी विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. आज जगभरचे डायव्हर तिथे जातात.

पण प्रत्येकाने स्कूबाची होडी घेऊन चालेल का? नाही. तारकर्ली-देवबागला आधीच गर्दी आहे आणि दर पाडायची स्पर्धा आहे. गर्दीच्या मागे राहून जी कामं लागतात तिकडे बघा. ऑक्सिजन किट आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, वेटसूट धुणं-दुरुस्ती, पाण्याखालचं फोटो-व्हिडिओ काम, आउटबोर्ड इंजिनची सर्व्हिस, चिपी विमानतळ आणि कुडाळ स्टेशनवरून गाडी, मालवणी जेवण, कोकम-मसाल्याची चांगली पॅकिंग, आणि किल्ल्याचा इतिहास नीट सांगणारा गाइड.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी कांदळवन सफारी सुरू केली. त्या काही समुद्रतळाशी गेल्या नाहीत. खाडी, होडी आणि माहिती, एवढ्यावर त्यांनी धंदा उभा केला.

एक आकडा मात्र पाठ करा: आठ. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून कमाईचे महिने आठच. कर्जाचा हप्ता दरमहा १८,००० असेल तर वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. ते आठ महिन्यांत कमवायचे, म्हणजे तुमचा खरा हप्ता २७,००० आहे. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना बारा महिन्यांचं उत्पन्न दाखवू नका. बँक फसली तरी जून-जुलै फसत नाही.

तीन धोके, स्पष्ट बोलूया

पहिला, घाई. ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीत नौदल दिन झाला आणि मालवणात राजकोटला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला, नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंगमधले दोष समोर आले. तिथून समोर बघितलं की साडेतीनशे वर्षांपूर्वीचा सिंधुदुर्ग उभा दिसतो. खारा वारा कुणाची गय करत नाही. समुद्राजवळ किंवा जहाजासाठी माल बनवणार असाल तर ग्रेड, कोटिंग, वेल्डिंग यात काटकसर करूच नका. नाहीतर पहिली ऑर्डर हीच शेवटची ऑर्डर ठरते.

दुसरा, सुरक्षा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. होडीची नोंदणी, क्षमतेइतकेच प्रवासी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, विमा. या गोष्टी जमत नसतील तर तो धंदा करू नका. एका अपघाताने अख्ख्या किनाऱ्याचं बुकिंग रद्द होतं.

तिसरा, समुद्रच संपवणं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळावर नांगर टाकला, पिल्लांसकट मासे उपसले, खाडीत कचरा सोडला, तर आपण मुद्दलच खातोय. रापणीवाल्या मच्छीमाराचं पोट मारून उभं राहिलेलं पर्यटन फार दिवस टिकत नाही. त्याला भागीदार करा: त्याची होडी, त्याचे ताजे मासे, त्याचं समुद्राचं ज्ञान.

मग हा खर्च विकास आहे की नाही?

दोन्ही बाजू बघा. जहाजावर खर्च झालेला रुपया शाळेवर किंवा रस्त्यावर खर्च होत नाही, हे खरंच आहे. समुद्र असुरक्षित झाला तर शाळा-रस्त्यासाठीचा महसूलही आटतो, हेही खरंच आहे. म्हणून आकडा मोठा की लहान यापेक्षा तो पैसा फिरतो कुठे, हे विचारा. परदेशी कारखान्यात गेला तर आपल्याला फक्त जहाज मिळालं. कुडाळच्या वर्कशॉपमध्ये आला आणि ४५ दिवसांत चुकता झाला, तर जहाज मिळालं आणि चार घरांत पगारही गेला.

या महिन्यात एवढं करा

- 'उद्यम' नोंदणी करा किंवा असलेली तपासा. तुमचा खरा व्यवसाय त्यात बरोबर नोंदलाय का बघा.
- 'जेम'वर खातं उघडा. 'सृजन'वर एक तास घालवून तुम्ही बनवू शकाल अशा तीन वस्तू वहीत लिहा.
- जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची चौकशी करा. उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागातल्या महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे.
- पर्यटनात उतरणाऱ्या भगिनींनी राज्याच्या 'आई' धोरणाखालची व्याज परताव्याची योजना पर्यटन संचालनालयाकडे विचारावी.
- मत्स्य व्यवसायात असाल तर मत्स्य विभागात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची माहिती घ्या.
- किनाऱ्याजवळ एक वीटही रचण्याआधी सीआरझेडचा नियम तपासा.
- तुमच्या धंद्याचं ७५ दिवसांचं आणि १६५ दिवसांचं गणित कागदावर मांडा. १६५ दिवस तग धरता येत नसेल तर ऑर्डर लहान घ्या.

"आमका काय गावतला?" हा प्रश्न विचारत राहाच. फक्त त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न जोडा: "त्यासाठी माझी तयारी काय आहे?" तुम्ही यादीतलं कोणतं काम आधी करताय ते कमेंटमध्ये तालुक्याच्या नावासह लिहा. एकाच तालुक्यातले चार जण भेटलात तर एकत्र मिळून मोठी ऑर्डर घेता येते, आणि त्यावर आपण पुढचा व्हिडिओ करू.

भेटूया!